मालकीकडून परवान्याकडे : संगणकावरील खेळांच्या वितरणाचा इतिहास



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत संगणकावरील खेळांच्या विक्रीचा इतिहास हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी स्वतः हे खेळ खेळत नाही. परंतु ग्रंथाची प्रत वाचकाच्या हाती कशी येते, ती कोणाच्या मालकीची असते, आणि कर्ता व प्रकाशक दोघेही काळाआड गेल्यावर ती कोठे उरते, हे प्रश्न मराठीच्या अध्यापकाची आयुष्यभर सोबत करतात. पोथीपासून छापील पुस्तकापर्यंतच्या प्रवासाला आपल्याकडे शतके लागली. या खेळांनी तसाच, किंबहुना त्याहून लांबचा प्रवास साठ वर्षांत केला. त्यामुळे त्या प्रवासातील लाभ-हानी एका आयुष्यात पाहता येते. शिवाय या सभागृहातील निम्मे श्रोते या व्यवहाराचे गिऱ्हाईक आहेत, आणि उरलेल्यांपैकी बरेचजण त्या गिऱ्हाइकांचे पैसे भरणारे आहेत.

आरंभी या खेळांना दुकानच नव्हते. १९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. ज्या पीडीपी-१ संगणकावर तो चाले, तसे संगणक जगात थोडेच होते. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून तो एका प्रयोगशाळेतून दुसरीत जाई. जो मागेल त्याने प्रत करून घ्यावी, हवे ते बदल करावेत. आपल्या पोथ्या गावोगाव पोहोचल्या त्या याच रीतीने. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड अहल याने 'बेसिक' या संगणकभाषेतील एकशे एक खेळांचे पुस्तक काढले. पुस्तकात खेळाची आज्ञावली ओळीने छापलेली असे आणि वाचकाने ती आपल्या हाताने संगणकात उतरवून घ्यायची असे. १९७८ च्या सुधारित आवृत्तीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. संगणकविषयक पुस्तकांत एवढा खप तोवर कोणत्याही पुस्तकाला लाभला नव्हता. उतरवताना एखादा स्वल्पविराम चुकला की खेळ अडे, आणि मग ती चूक शोधता शोधता वाचकाला भाषा येई. लेखनिकाच्या हस्तदोषाची परंपरा अशी विसाव्या शतकातही चालू राहिली, याची मला गंमत वाटते.

युरोपात तर खेळ आकाशवाणीवरून वाटले गेले. नेदरलँड्समधील एनओएस या संस्थेच्या 'हॉबीस्कूप' कार्यक्रमात संगणकाच्या आज्ञावल्या कर्कश आवाजाच्या रूपात प्रक्षेपित होत आणि श्रोते त्या साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून संगणकात भरत. युगोस्लाव्हियात १९८३ पासून झोरान मोडली याने बेलग्रेड नभोवाणीच्या 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात हेच केले. प्रसारण संपले की प्रत घरोघर राही, आणि पुढे त्या प्रतीचे काय करायचे हे विचारायला कोणी येत नसे.

याच सुमारास विक्रीला तोंड फुटले. रिचर्ड गॅरिअट या टेक्सासमधील शाळकरी मुलाचा 'अकलाबेथ' हा खेळ आणि रॉबर्टा व केन विल्यम्स या दांपत्याचा १९८० सालचा 'मिस्टरी हाउस' हे दोन्ही घरगुती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून विकले गेले. भाजी-फळे ठेवायच्या पिशवीत एक तबकडी आणि छापील कागद. त्या पिशवीतून पुढे मोठमोठ्या कंपन्या निघाल्या आणि खेळाला खोका, चित्र, वितरक, दुकानाची फळी हे सारे आले.

दुकानाच्या फळीचे सामर्थ्य आणि तिचा धोका एका प्रसंगात दिसून आला. १९८२-८३ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळयंत्रांसाठी इतके खेळ बाजारात आले की दुकानदारांना ते ठेवायला जागा पुरेना. न खपलेला माल परत येऊ लागला आणि तो परत घेण्याइतका पैसा लहान कंपन्यांपाशी नव्हता. अटारी कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये न खपलेल्या व परत आलेल्या मालाच्या गाड्याच्या गाड्या न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरली तेव्हा 'ई.टी.' या कुप्रसिद्ध खेळाच्या प्रती खरोखरच बाहेर आल्या आणि त्यांतली एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. पुरलेली वस्तू तीस वर्षांनी उकरून काढता आली, एवढे या प्रसंगातून ध्यानात ठेवावे.

दुकानाला वगळून तारेवरून खेळ पोहोचवण्याचा प्रयत्नही त्याच वर्षी झाला. विल्यम फॉन माइस्टर याच्या कंपनीने १९८३ मध्ये 'गेमलाइन' ही सेवा काढली. दूरध्वनीच्या तारेवरून खेळ यंत्रात उतरे आणि ठरावीक वेळा खेळून झाला की संपे. कंपनी बुडाली, तिच्या अवशेषांतून जी नवी कंपनी उभी राहिली तीच पुढे 'अमेरिका ऑनलाइन' म्हणून गाजली. १९९४ च्या अखेरीस सेगा कंपनीने अमेरिकेत केबलवरून आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये निन्टेन्डोने जपानात उपग्रहावरून खेळ पाठवायला सुरुवात केली. सेगाचा खेळ यंत्र बंद करताच पुसला जाई. विकत न देता काही काळ वापरू द्यावे हा विचार पुष्कळ जुना आहे, हे सांगण्यासाठी एवढे पुरे. निन्टेन्डोच्या प्रयोगाकडे मला शेवटी परत यायचे आहे.

प्रत मात्र या काळात दुसऱ्याच वाटेने गावोगाव गेली. अमेरिकेतील स्कॉट मिलर याने १९८७ च्या सुमारास अशी युक्ती काढली की खेळाचा पहिला भाग फुकट वाटायचा आणि पुढचे भाग पैसे पाठवणाऱ्यास द्यायचे. पहिल्या भागाच्या प्रती काढून मित्रांना देण्यास मुभाच नव्हे, उत्तेजन होते. १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' या खेळाचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवण्यात आला, तेव्हा तो उतरवून घेण्यासाठी वाट पाहणाऱ्यांची इतकी गर्दी झाली होती की खुद्द कर्त्यांनाच तो आत ठेवायला वाट मिळेना. आपल्याकडील हिशेब निराळा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय आणि आपल्या इंदुरात काय, एखाद्या दुकानी संगणक विकत घेतला की दुकानदार चार खेळ सोबत घालून देई. त्यांचे कर्ते कोण, त्यांना काय मिळाले, हा विचार देणाऱ्याच्याही मनात येत नसे आणि घेणाऱ्याच्याही. मूळ खोक्याची किंमत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरची असे आणि बहुधा तो खोका येथे येतच नसे.

आता मुख्य विषय. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये 'व्हॉल्व्ह' ही कंपनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात काढली. त्यांचा 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ इंटरनेटवरून एकमेकांशी खेळला जाई. त्यात दुरुस्ती केली की काहींकडे जुनी व काहींकडे नवी आवृत्ती राही आणि खेळणाऱ्यांची फाटाफूट होई. लबाडी करणाऱ्यांचा बंदोबस्तही करता येत नसे. यावर उपाय म्हणून मार्च २००२ मध्ये जाहीर झालेली आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू झालेली व्यवस्था म्हणजे 'स्टीम'. दुरुस्त्या पोहोचवणारा हा पोस्टमनच पुढे दुकानदार झाला.

१६ नोव्हेंबर २००४ रोजी 'हाफ-लाइफ २' प्रसिद्ध झाला. तो दुकानातून खोक्यात मिळे. परंतु खोका विकत घेऊन, तबकड्या घरी आणूनही, स्टीमवर नाव नोंदवून इंटरनेटद्वारा परवानगी मिळाल्यावाचून तो चालत नसे. पहिल्या दिवशी परवानगी देणारे संगणक गर्दीने कोलमडले आणि हातात तबकडी असलेली माणसे तिष्ठत बसली. माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा तो दिवस आहे. पुस्तक विकत घेतले आहे, ते मांडीवर उघडे आहे, आणि अक्षरे दिसण्यासाठी प्रकाशकाच्या कचेरीतून होकार यायचा आहे, अशी कल्पना करून पाहा. भारतात त्याच वर्षी सरकारने जे ब्रॉडबँड धोरण आखले त्यात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट धरला होता. सुमारे साडेचार गिगाबाइटचा खेळ त्या वेगाने उतरवायला अखंड एकोणचाळीस तास लागले असते, तोही वीज गेली नाही तर.

या खेळाच्या वितरणावरून व्हॉल्व्ह आणि तिचा वितरक विव्हेंडी यांच्यात २००२ पासून खटला चालला होता. त्यात विव्हेंडीने कोरियन भाषेतील कागदपत्रांचा डोंगर पुढे केला. व्हॉल्व्हने २०२४ मध्ये स्वतःच प्रसृत केलेल्या अनुबोधपटात अशी हकीकत आहे की, उमेदवारी करण्यास आलेल्या एका कोरियन जाणणाऱ्या विद्यार्थ्याने ते कागद वाचले, त्यात पुरावे नष्ट केल्याचा उल्लेख सापडला, आणि खटल्याचे पारडे फिरले. २००५ मध्ये तडजोड झाली. ही कंपनी हरती तर स्टीम बाल्यावस्थेतच संपले असते. भाषेच्या पदवीने पोट भरत नाही असे म्हणणाऱ्या पालकांसाठी मी ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

२००५ च्या अखेरीस इतरांचे खेळ स्टीमवर येऊ लागले. लाभ येथून पुढचा आहे आणि तो मोठा आहे. दुकानाची फळी चार फुटांची असते; महिन्याभरात न खपलेला खोका खाली उतरतो. पडद्यावरच्या दुकानाला फळीच नाही. त्यामुळे छापखाना, खोका, वाहतूक, वितरक यांच्या खर्चातून लहान कर्ता सुटला. एरिक बरोन नावाच्या तरुणाने चित्रे, संगीत, कथा आणि आज्ञावली एकट्याने रचून, चार वर्षांहून अधिक काळ खपून केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा खेळ फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. जुन्या व्यवस्थेत शेतात पाणी घालण्याच्या खेळाला कोणत्या वितरकाने दारात उभे केले असते?

आपल्या परिसरातले उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील लहान चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ केला. राजस्थानातील वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांचा त्याच्या रूपावर ठसा आहे. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीने भांडवल उभारण्याचा केलेला प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि त्याच ऑक्टोबरात स्टीमसह इतरत्र तो निघाला, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत पात्रे हिंदीतून बोलू लागली. पुण्यात केलेली कलाकृती एकाच वेळी जपान, जर्मनी आणि ब्राझीलमध्ये विक्रीला लागणे खोक्यांच्या काळात शक्य नव्हते.

चोरीविषयी न्यूएल याचे म्हणणे असे की, ती मुख्यतः किमतीची नव्हे, सेवेची बाब आहे. चोरापेक्षा चांगली सेवा द्या, लोक पैसे देतात. ज्या रशियात काही विकले जाणार नाही असे सारे म्हणत, तेथे ही गोष्ट त्याने दाखवून दिली. भारतात नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या. दुकानदाराने घालून दिलेले चार फुकट खेळ खेळणारी पिढी कर्त्याला पैसे देऊ लागली, हा नीतीच्या उपदेशाने न झालेला बदल सोयीने झाला.

पोलंडमध्ये हीच गोष्ट आधी आणि मला अधिक जवळच्या वाटणाऱ्या रीतीने घडली. १९९४ मध्ये दोन शाळासोबत्यांनी वॉर्सात सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. बाजारात चोरीच्या तबकड्या किरकोळ दरात मिळत असताना त्यांनी १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' या संवादबहुल खेळाचे संपूर्ण पोलिश भाषांतर करून घेतले, नामांकित पोलिश नटांकडून ते बोलवून घेतले, खोक्यात चर्मपत्रासारखा नकाशा घातला, आणि चोरीच्या प्रतीच्या कितीतरी पट किंमत लावली. लोकांनी तो घेतला. मातृभाषा ही चोराला सहज न जमणारी गोष्ट ठरली. याच कंपनीने २००८ मध्ये 'जीओजी' हे स्वतःचे इंटरनेटवरील दुकान काढले. जुने खेळ नव्या संगणकांवर चालते करायचे आणि कुलूप न लावता द्यायचे, हा त्याचा बाणा. एकदा उतरवून घेतलेली प्रत गिऱ्हाइकाने कपाटात ठेवावी. नंतर कोणाच्या होकाराची गरज नाही.

हानीकडे वळताना गर्दीची गोष्ट प्रथम आटोपतो. २०१२ मध्ये स्टीमने खेळ निवडण्याचे काम लोकमतावर सोपवले आणि २०१७ पासून शंभर डॉलर भरणाऱ्या कोणालाही प्रवेश दिला. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक खेळ आले. त्यांतील बहुतेकांकडे कोणी पाहिले नाही. फळीची अडचण गेली, डोळ्यांची राहिली. दुकानदाराचा वाटा पहिल्यापासून तीस टक्के. २०१८ च्या अखेरीस तो एक कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर पंचवीस व पाच कोटींच्या वरच्या विक्रीवर वीस टक्के झाला. सवलत बड्यांना मिळाली, लहानांना नाही. एपिक कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये बारा टक्क्यांचे दुकान काढून स्पर्धा केली. तरी मार्च २०२५ मध्ये एका क्षणी स्टीमवर चार कोटींहून अधिक लोक जोडलेले होते. एवढी वर्दळ असलेल्या पेठेबाहेर पाल ठोकून बसायला धाडस लागते.

गिऱ्हाइकाचे हक्क त्याला आपोआप मिळाले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हवर खटला भरला, कारण सदोष खेळाचे पैसे परत मिळणार नाहीत असे ती सांगत होती. न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत, असा नियम स्टीमने जगभर लागू केला.

परंतु या हानीला उपाय आहेत. मला अस्वस्थ करणारी हानी निराळी आहे आणि तिच्यासाठी एका जुन्या कादंबरीपाशी जावे लागते. अमेरिकेत १९०४ मध्ये बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. तिच्या आतल्या पानावर छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीत विकण्याचा परवाना कोणासही नाही, आणि तसे करणे हा कर्तृहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या भांडाराने ते एकोणनव्वद सेंटला विकले. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत एकदा विकली की त्या प्रतीवर प्रकाशकाचा अंमल संपतो. जुन्या पुस्तकांचे दुकान, शाळेचे ग्रंथालय, वडिलांनी मुलाला दिलेला ग्रंथ, हे सारे याच तत्त्वाच्या छायेत उभे आहे. गुरुजींनी रद्दीच्या दुकानांतून वेचून आणलेल्या ज्या पुस्तकांवर या शाळेच्या ग्रंथालयाचा पाया आहे, ती त्यांना कोणी परवान्याने दिली नव्हती.

१९०८ मध्ये प्रकाशकाला जे छापून साधले नाही, ते स्टीमच्या करारात साधले आहे. तेथे जे घेतो ती प्रत नसते, वापरण्याचा परवाना असतो. तो विकता येत नाही, खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, वारसालाही नाही. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये ओरॅकलच्या खटल्यात संगणकप्रणालीचा वापरलेला परवाना पुन्हा विकता येतो असे म्हटले होते. त्या आधारावर फ्रान्समधील एका ग्राहकसंघटनेने व्हॉल्व्हविरुद्ध पॅरिसच्या न्यायालयात सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल मिळवला. तो २०२२ मध्ये अपिलात फिरला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवर फिरलेलाच कायम राहिला. खेळ म्हणजे केवळ आज्ञावली नव्हे, त्यात चित्र, संगीत, कथा आहे, म्हणून त्याला तो नियम लागू नाही, असा अपिलातल्या निर्णयाचा आशय. कलाकृती ठरल्यामुळे वस्तूचे हक्क गेले, असा हा चमत्कारिक सन्मान आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून, १ जानेवारी २०२५ पासून 'खरेदी' हा शब्द वापरताना आपण परवाना देत आहोत हे स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. स्टीमने त्याआधीच, पैसे भरण्याच्या जागी तशी सूचना लावली. शब्दाचा अर्थ राखण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला.

परवाना काढून घेतला म्हणजे काय होते? युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या संगणकाशी जोडलेला राहावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते संगणक बंद झाले आणि तबकडी विकत घेतलेल्यांच्या हातीही काही उरले नाही. यातून युरोपात जी चळवळ उभी राहिली तिच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

ग्रंथपरंपरेचा अभ्यासक म्हणून मला याहूनही एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. स्टीमवरचे खेळ बहुधा इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होतात. दुरुस्ती आली की आधीचा पाठ पुसला जातो, सर्वांकडचा, एकाच रात्री. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' या २००८ सालच्या खेळात मोटारीतल्या रेडिओवर गाणी लागत. गाण्यांच्या हक्कांची दहा वर्षांची मुदत संपली आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांतली पुष्कळ गाणी काढून टाकण्यात आली. रशियन गाण्यांचे एक केंद्र तर बव्हंशी बदलून गेले. विकत घेतलेल्या कादंबरीतल्या ओव्या दहा वर्षांनी रातोरात बदलाव्यात, तसे हे झाले. २०२० च्या जानेवारीत 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ सालच्या खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा, जुनी आवृत्ती बाळगून असलेल्या आणि नवी न घेतलेल्या लोकांच्या संगणकांवरही जुन्याच्या जागी नवी यंत्रणा येऊन बसली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपण अभिमानाने सांगतो. ते काम झाले कशामुळे? काश्मीरपासून केरळपर्यंत शेकडो हस्तलिखिते, एकमेकांची खबर नसलेल्या घरांत आणि मठांत, वेगवेगळ्या पाठांसह पडून होती म्हणून. सर्व प्रतींवर एका मध्यवर्ती कचेरीचा हात असता आणि प्रत्येक सुधारणेबरोबर सर्व जुने पाठ पुसले गेले असते, तर पाठभेद नावाची वस्तूच उरली नसती. कुलपाचाही अनुभव आपल्याला आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतके मराठी वाचक आपल्याच आद्य गद्याला पारखा राहिला. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली सापडली तेव्हा पोथ्या जागेवर होत्या. किल्ली उशिरा मिळाली तरी चालते, पोथी हवी.

मग हे खेळ राखायचे कोणी? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कोणत्याही रूपाने मिळत नाहीत, असे आढळले. यात तबकड्यांच्या काळातले खेळच अधिक, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पडद्यावरची दुकाने नसती तर ते आकडे याहून वाईट असते, असे स्टीमचा आणि विशेषतः जीओजीचा पक्ष घेणारे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्या खेळांची तबकडी निघाली त्यांची एखादी प्रत माळ्यावर सापडते. निन्टेन्डोने आपल्या 'वी' यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये आणि '३डीएस' व 'वी यू' या यंत्रांचे मार्च २०२३ मध्ये बंद केले, तेव्हा केवळ तेथेच निघालेले खेळ नव्या गिऱ्हाइकाला घेण्याची वाट मिटली. ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातले जुने खेळ संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कर्तृहक्क कचेरीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. लोक करमणुकीसाठी खेळतील, ही भीती पुढे करण्यात आली. कादंबऱ्या ग्रंथालयातून लोक कशासाठी नेतात, हे त्या कचेरीला कोणीतरी विचारायला हवे होते.

जपानच्या उपग्रहावरील खेळांचे सांगायचे राहिले होते. १९९५ पासून जून २००० पर्यंत चाललेल्या त्या सेवेत काही खेळ ठरलेल्या तासालाच खेळता येत, आणि त्या वेळी नटांचा आवाज खेळासोबत थेट प्रक्षेपित होई. खेळाची आज्ञावली ग्राहकाच्या छोट्या स्मृतिपेटीत उतरे. आवाज उतरत नसे, तो आकाशातच विरे. सेवा बंद झाल्यावर कंपनीने ते खेळ पुन्हा दिले नाहीत. स्मृतिपेटीत नवा खेळ घेतला की जुना पुसला जाई, त्यामुळे ज्याच्या पेटीत शेवटचे जे राहिले तेवढेच वाचले. हौशी संग्राहक गेली कित्येक वर्षे जुन्या बाजारातून या पेट्या विकत घेतात आणि आत काय उरले आहे ते उघडून पाहतात. आवाजांपैकी जे थोडे हाती लागले आहेत, ते कोणी तरी त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीला व्हिडिओ रेकॉर्डर जोडून, कोणाचीही परवानगी न घेता, फितीवर उतरवून ठेवले होते म्हणून.